काका शोधले की केक येतो, आणि दऱ्या शोधल्या की दर्या

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी गणिताचा शिक्षक, पाटण तालुक्यातला. शाळा सुटली की गावच्या वाचनालयात बसतो, कारण तिथला संगणक माझ्याशिवाय कुणी सुरू करत नाही. वाचनालय 'क' वर्गाचं, दाखल नोंदवहीत ६,४१२ पुस्तकं, त्यातली शंभरेक वाळवीच्या नावे. गेल्या दिवाळीपासून सगळी यादी एका छोट्या मुक्तस्रोत प्रोग्रामवर घेतली आहे. पायथनमध्ये लिहिलेला आहे, मागे एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस, शोधासाठी त्यातलीच एफटीएस५ ही सोय. आमच्या चार जीबीच्या म्हाताऱ्या मशीनवर उबुंटूत सुरळीत चालतो. प्रोग्रामचं नाव देत नाही, कारण ज्यांनी तो फुकट लिहून दिला त्यांना चार लोकांत नावं ठेवायची नाहीत. पण अडचण खरी आहे.

पहिली अडचण. देवघेवीच्या खिडकीवर चौथीतली एक मुलगी आली. तिला गोष्टीचं एक पुस्तक हवं होतं, नावात 'काका' आहे एवढंच आठवत होतं. मी 'काका' टाइप केलं. काका आले, काकू आल्या, केक-बिस्किटांच्या कृतींची दोन पुस्तकं आली आणि शेवटी कोकणाच्या प्रवासवर्णनांची रांग लागली. मुलगी म्हणाली, "सर, केकचं द्या."

दुसरी जास्त वाईट. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक आहे, नावात 'दऱ्या' हा शब्द. पुस्तक कपाटात माझ्या डोळ्यांसमोर. शोधात 'दऱ्या' टाकलं तर शून्य. चुकून 'दर्या' टाइप झालं तर ते बरोबर आलं, तेही समुद्रावरच्या तीन पुस्तकांच्या मधोमध!

मग मी शीर्षकं पायथनमध्ये एकेक अक्षर सुटं करून बघितली. 'दुसऱ्या', 'दऱ्या', 'वऱ्हाड' अशा शब्दांतला तो आडवा अर्धा र आमच्या यादीत तीन वेगवेगळ्या प्रकारे बसलाय:

जुनी यादी एका डीटीपी फॉन्टमध्ये होती, ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. त्यात र, हलंत आणि मागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह.

मी स्वतः इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो, शिफ्ट आणि जे. त्यात ऱ (०९३१) आणि हलंत.

तिसरा प्रकार आमच्या ग्रंथपालबाईंच्या मुलीचा. तिने मुखपृष्ठांचे फोटो काढले, जुन्या मॅकवर फाइलींना पुस्तकांची नावं दिली आणि मी शहाणपणा करून त्या फाइलनावांवरून शीर्षकं उचलली. त्यात र, खाली नुक्ता (टिंब), मग हलंत.

पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. खात्री करायची तर हे दोन कॉपी करून मोजा: दुसऱ्या, दुसर्‍या. एकात सात चिन्हं निघतील, दुसऱ्यात आठ.

मी एक पॅच, म्हणजे प्रोग्रामात करायचा छोटा बदल, लिहिला. नोंद साठवताना तिन्ही प्रकार बदलून एकच ठेवायचा, ऱ आणि हलंत. बावीस ओळी. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी तो नम्रपणे परत केला. म्हणणं असं की वापरणाऱ्याने जे टाइप केलं त्याला प्रोग्रामने हात लावायचा नाही. मला हे पटलेलं नाही. मुलं वहीत 'नि' ऐवजी 'नी' लिहितात तेव्हा मी हात लावतोच की. माझं काय चुकतंय?

अर्धाक्षर

मास्तर, तुमच्याकडे दोन वेगळे आजार एकत्र आलेत. बसमध्ये आहे, मोबाइलवरून कोड टाकणं जिवावर येतंय, शब्दांत सांगतो.

काका-केकचा त्या र शी संबंध नाही. एफटीएस५चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द तोडणारा भाग, 'युनिकोड६१'. त्याच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं, आकडे आणि खाजगी वापराची चिन्हं, म्हणजे युनिकोडच्या वर्गीकरणातले एल, एन आणि सीओ. आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलंत येतात एमएन आणि एमसी या वर्गांत. ते त्याला दिसतात स्वल्पविराम दिसावा तसे. म्हणजे 'काका' चे तुकडे झाले क, क. 'काकू' चे क, क. 'केक' चे पण क, क. आणि तुमचा प्रोग्राम बहुतेक शेवटी तारांकन लावत असणार, शब्द अर्धा टाइप केला तरी सापडावा म्हणून. मग शेवटचा क कशाचाही आरंभ चालतो. 'कोकण' म्हणजे क आणि कण. आलं कोकण.

हाच प्रकार दऱ्यांचा. झेडडब्ल्यूजेवाली 'दर्‍या' तुटली की दर, य. समुद्राचा 'दर्या' तुटला की दर, य. तुमचं ऱ टाइप केलेलं मात्र दऱ, य. म्हणून समुद्र सापडतो आणि दरी नाही.

खात्री करायची तर 'एफटीएस५व्होकॅब' प्रकारचं टेबल बनवा. इंडेक्समध्ये, म्हणजे शोधाच्या सूचीत, खरोखर कोणते तुकडे गेलेत त्याची यादी मिळते. मन घट्ट करून बघा.

उपाय: टेबल बनवताना टोकनायझरला 'कॅटेगरीज' हा पर्याय देता येतो. त्यात एल, एन, सीओ यांच्या जोडीला एमएन आणि एमसी लिहा. टोकनायझर टेबल जन्मताना ठरतो, नंतर नुसतं 'रीबिल्ड' म्हणून बदलत नाही. जुनं शोधटेबल टाकून नवं करा. मूळ पुस्तकांच्या टेबलाला धक्का नाही.

खडूफळा

बघितलं. यादीत सगळ्यात वर एकटा 'क'. खाली 'त', 'य', 'न'. सहा हजार पुस्तकांची बाराखडी करून ठेवली आहे, तीसुद्धा बाराखडीतली फक्त पहिली.

तुम्ही सांगितलं तसं नवं टेबल केलं. काका आता काकाच येतात, कोकण गेलं. पण दऱ्या अजून नाहीत, आणि एक नवीनच गंमत: 'या' शब्द शोधला की ढीगभर असली पुस्तकं येतात ज्यांच्या नावात 'या' कुठेही नाही.

अर्धाक्षर

झेडडब्ल्यूजे सीएफ वर्गातला, म्हणजे मांडणीच्या न दिसणाऱ्या चिन्हांतला. तो अजूनही स्वल्पविरामच आहे. तुमच्या कन्व्हर्टरवाल्या नोंदींत 'दुसर्‍या' चं झालं 'दुसर्' आणि 'या'.

बिनधास्त_बॅश

एवढा घोळ कशाला? इंडेक्स करण्याआधी सगळे झेडडब्ल्यूजे उडवा, नुक्ते उडवा. दोन ओळींचं काम. एनएफडी करा, म्हणजे जोडलेली चिन्हं सुटी करा, आणि एमएन वर्गातलं सगळं फेकून द्या, फ्रेंचवाले असंच करतात.

अर्धाक्षर

फ्रेंचवाल्यांना उकार नाहीत. तुमच्या दोन ओळींनी 'कुत्रे' चं 'कतर' होतं. करून बघा आणि मग बोला.

आणि झेडडब्ल्यूजे नुसता उडवला तर दऱ्या पुन्हा दर्यात बुडाल्या.

जुळारी

मी छापखान्यातला माणूस. शिशाचे खिळे जुळवले आहेत, नंतर डीटीपी केलं, आता नातवाच्या लॅपटॉपवर प्रुफं वाचतो. इथे सगळे ऱ ला बरोबर धरून चालले आहेत म्हणून मधे पडतो.

मराठीत ऱ नावाचं अक्षर कुठल्या मुळाक्षरांत आहे? ह, ळ, क्ष, ज्ञ आहेत, ऱ नाही. ते खाली टिंब असलेलं अक्षर तमिळ-मल्याळममधला तो कडक र नागरीत दाखवायला घेतलेलं आहे. 'दुसरा' चं सामान्यरूप 'दुसऱ्या'. 'दुसरा' मध्ये साधा र असेल तर 'दुसऱ्या' मध्ये तो परका र कुठून आला? 'दरी' ची अनेक 'दऱ्या'. र तोच, फक्त य ला चिकटताना डोक्यावर न जाता आडवा झाला. म्हणून र, हलंत, जोडचिन्ह हेच व्याकरणाला धरून आहे. दऱ्या शोधताना उद्या कुणी 'दरी' वरून शोध लावायचा म्हटलं तर ऱ त्याच्या वाटेत आडवा येणार. मास्तरांच्या पॅचने सगळी यादी चुकीच्या अक्षरात नेली असती. परत केला ते उत्तम.

एक कबूल करतो. आमच्या वेळी कंपोझिटरने दोन खिळ्यांत घोटाळा केला तर प्रुफात दिसायचा. हा घोटाळा दिसतच नाही.

खडूफळा

जुळारीकाका, तुमचं व्याकरण मान्य. पण मी शिकवतो ते गणित, आणि गणितात जी खूण डोळ्यांना दिसत नाही ती फळ्यावर लिहीत नाहीत. झेडडब्ल्यूजे कुठेही गळतो. कुणी व्हॉट्सअॅपवरून यादी पाठवली, कुणी एखाद्या फॉर्ममधून भरली, मधल्या कुठल्यातरी प्रोग्रामने 'फालतू चिन्हं' म्हणून झाडून टाकलं, की दऱ्यांचा दर्या झाला आणि पत्तासुद्धा लागला नाही. ऱ गळत नाही. परका असेल, पण हजर असतो. शिवाय माझ्या कीबोर्डवर त्याची कळ आहे. झेडडब्ल्यूजेची कळ कुठे आहे हे मी आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाला शिकवू?

अर्धाक्षर

या भांडणात दोघंही जिंकू शकणार नाहीत, कारण युनिकोडने दोन्ही रूपं अधिकृत करून ठेवली आहेत. इस्कीमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय मानकात, आडवा र हा ऱ ला हलंत लावून करायचे. युनिकोडने ते घेतलं. पण युनिकोडच्या २.० आवृत्तीत र, हलंत, झेडडब्ल्यूजे अशीही सोय होती, ती जुन्या मजकुरासाठी पुढे चालू ठेवली. 'आयलॅश रा' म्हणून नियमांत दोन्ही बाजूबाजूला सापडतात.

मेख अशी की ही दोन रूपं एकमेकांची समतुल्य म्हणून नोंदलेली नाहीत. एनएफडी किंवा त्याच्या उलटं, सुटी चिन्हं जोडणारं एनएफसी, कितीही फिरवा, ती एक होत नाहीत. मास्तरांचा तिसरा प्रकार, नुक्तावाला, तो मात्र एनएफसी केलं की आपोआप ऱ होतो. मॅकची जुनी फाइलप्रणाली, एचएफएस प्लस, फाइलनावं सुटी करूनच ठेवायची, म्हणून तुमच्याकडे नुक्ता वेगळा झाला. ग्रंथपालबाईंच्या मुलीला बोल लावू नका.

ठिगळ

पॅच परत करणारा मीच. मास्तरांनी नाव लपवलं, धन्यवाद, पण मला लपण्यात रस नाही.

मास्तर, तुमचा कोड चांगला होता. तीन चाचण्यासुद्धा लिहिल्या होत्या, हे माझ्याकडे क्वचित होतं. नकाराचं कारण वेगळं. हा प्रोग्राम फक्त मराठी यादीवर चालत नाही. एका ठिकाणी हिंदी पुस्तकं आहेत, एका ठिकाणी कोकणी, आणि एकांनी मल्याळम पुस्तकांची नावं नागरीत लिहून ठेवली आहेत. त्यांच्याकडे ऱ मुद्दाम लिहिलेला असतो. 'साठवताना बदल' हा दरवाजा उघडला की पुढच्या महिन्यात कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा पॅच घेऊन येईल, त्याच्या पुढच्या महिन्यात जुन्या लेखनातले अनुस्वार काढणारा. जुन्या पुस्तकाच्या नावात 'कांहीं' असेल तर ते 'कांहीं' च नोंदलं पाहिजे. ग्रंथपालाचा नियमच आहे, शीर्षकपानावर असेल तसं.

शोधाचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं, आणि टोकनायझर तसाच ठेवला ही माझी चूक. मी चाचणी इंग्रजी नावांवर घेतली होती. लाज वाटते, पण तसंच आहे.

मी असं सुचवतो. शीर्षकाचा दिसणारा रकाना तसाच राहील. शेजारी एक न दिसणारा रकाना, फक्त शोधासाठी. त्यात जाताना मजकूर आधी एनएफसी करायचा, मग र-हलंत-झेडडब्ल्यूजे दिसेल तिथे ऱ-हलंत करायचं, आणि त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि त्याच्या उलटे, न जोडणारे झेडडब्ल्यूएनजे काढायचे. हा क्रम चुकवायचा नाही. आधी काढले तर दऱ्या गेल्या. खिडकीवर टाइप केलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया. जुळारीकाकांना आतला ऱ खटकत असेल तर उलटं करता येईल, पण तो रकाना कुणी वाचणार नाही, शब्द देतो.

तुमच्या बावीस ओळींतल्या सोळा जशाच्या तशा लागतील. फक्त जागा बदलेल. करता का?

जुळारी

कुणी वाचणार नसेल तर आत काय हवं ते घाला. छापताना मला विचारा म्हणजे झालं.

खडूफळा

करतो. शनिवारी अर्धी शाळा.

एक शंका मात्र आहे. जी माणसं आडवा र टाइपच करत नाहीत, 'दुसर्या', 'वर्हाड' असंच ठोकतात, त्यांचं काय? आमच्या यादीत असल्या १९० नोंदी निघाल्या. शोधाच्या रकान्यात रफारवाला र्य आणि आडव्याचा ऱ्य एकच मानला तर?

ठिगळ

'आचार्य' चं अनेकवचनी सामान्यरूप आणि 'आचारी' चं, दोन्ही लिहून बघा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एक मानलं तर शंकराचार्यांच्या शेजारी पंगतीचा स्वयंपाक येईल. र्ह चं त्यातल्या त्यात सोपं, पण तिथेही 'अर्हता', 'गर्हणीय' आहेत. मी म्हणेन, आधी नेमकं शोधावं, काहीच सापडलं नाही तरच दुसऱ्यांदा सैल शोध घ्यावा, आणि वर ठळक लिहावं की हे अंदाजाने आलंय.

अर्धाक्षर

सहमत. आणखी एक. प्रोग्रामात कुठे शब्द तोडायला पायथनचं नमुने शोधणारं साधं 'आरई' मॉड्यूल वापरलं असेल तर तिथे 'बॅकस्लॅश डब्ल्यू' ही शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण तपासा. तीही मात्रांना अक्षर मानत नाही. 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते मानतं. नाहीतर टोकनायझर सुधारून शोधलेला शब्दच आधी तुटेल.

ठिगळ

आहे. दोन ठिकाणी आहे. कपाळ बडवून घेतो.

खडूफळा

शनिवारचा अहवाल.

पॅच नव्याने केला, ठिगळ यांनी दोन जागी दुरुस्त करून घेतला. 'दऱ्या' टाकलं, दऱ्या आल्या. 'दर्या' टाकलं, फक्त समुद्र. ग्रंथपालबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, "मग आधी काय येत होतं?" चार महिने कुणाच्या लक्षातच नव्हतं, लोक सरळ कपाटाकडे जात होते. चौथीतल्या मुलीचं पुस्तकही सापडलं, पण तिला आता ते नको आहे. केकचं पुस्तक तिसऱ्यांदा नेलंय.

१९० संशयित नोंदी मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन हाताने तपासल्या. बहुतेक आमच्याच टायपिंगच्या चुका, त्या सुधारल्या. एक मात्र अडली. लग्नकार्यातल्या मोठ्या स्वयंपाकाचं जुनं पुस्तक, यादीत शीर्षकात 'आचार्यांच्या' असं. मी पोरांना म्हटलं, ही उघड चूक, 'आचाऱ्यांच्या' करा. पोरगं म्हणालं, सर, पुस्तक बघू तरी. काढलं. मुखपृष्ठावर ठसठशीत रफार. शीर्षकपानावर पण रफार. आतल्या मजकुरात पहिल्याच ओळीत आडवा र, अगदी व्यवस्थित.

ठिगळ, तुमच्या नियमाने शीर्षक 'आचार्यांच्या' असंच राहील ना? मग 'आचाऱ्यांच्या' शोधणाऱ्याला ते नेमक्या शोधात मिळणार नाही.

ठिगळ

राहील. पर्यायी शीर्षकाचा रकाना जोडतो, पुढच्या आवृत्तीत. त्यात तुम्हाला बरोबर वाटेल ते लिहा.

जुळारी

पुस्तक कुठल्या साली छापलंय हो मास्तर? आणि छापखान्याचं नाव आतल्या पानावर असेल तर इथे टाकू नका, मला वेगळं कळवा.